उसनी चाल, स्वतःचे शब्द : वामनदादा कर्डक आणि फितीवरची कविता

'मिक्सटेप' हा शब्द मराठी वाचकांच्या कानावर उशिराच आला. २०१९ साली 'गली बॉय' चित्रपट आला, मुंबईच्या डिव्हाइन आणि नेझी यांची नावे घरोघर पोचली, पुढे पुण्याचा एमसी स्टॅन प्रसिद्ध झाला आणि रॅपविषयी काहीतरी बोलणे अभ्यासकांनाही भाग पडले. त्या बोलण्याचा सूर बहुधा एकच असतो. ही अमेरिकेहून आलेली चीज आहे, आपल्या वस्त्यांनी ती उचलली, एवढेच. सूर अगदी चूक नाही. पण मिक्सटेप म्हणजे काय हे नीट पाहिले तर आमची नजर न्यूयॉर्कपेक्षा आधी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी या गावाकडे वळते.

मिक्सटेपची रीत साधी आहे. ध्वनिमुद्रण कंपनी दारात उभे करत नाही, स्वतःचे संगीत करून घ्यायला पैसे नाहीत. मग दुसऱ्याच्या गाजलेल्या गाण्याचा ताल घ्यायचा, त्यावर आपले शब्द चढवायचे, फीत भरायची आणि ती हातोहात वाटायची किंवा रस्त्यावर विकायची. फिफ्टी सेंट या गायकाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. २००० साली त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, कंपनीने त्याला सोडून दिले, तयार असलेला संग्रह अडकून पडला. तेव्हा त्याने इतरांच्या तालांवर मिक्सटेपा काढल्या, त्या गल्लोगल्ली वाजल्या, आणि २००३ साली त्याचा पहिला अधिकृत संग्रह आला तोवर त्याचा श्रोता तयार झालेला होता. आधी श्रोता, मग प्रकाशक. आपल्या वाङ्मयव्यवहाराच्या नेमका उलटा हा क्रम आहे.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, देशवंडीचा. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. पोट भरायला मुंबईत आले, कोळशाच्या वखारीपासून मिळेल ते काम केले, शिवडीच्या बीडीडी चाळीत राहिले, समता सैनिक दलात गेले. चाळीतल्या एका बाईने गावाहून आलेले पत्र वाचून दाखवायला सांगितले आणि ते वाचता येईना, हा त्यांच्या चरित्रातला प्रसंग पुष्कळांनी सांगितला आहे. ती शरम जिव्हारी लागली. देहलवी नावाच्या मास्तरांकडून अक्षरे गिरवून घेतली आणि पुढचा सराव केला तो दुकानांच्या पाट्या वाचून. मराठी कवितेच्या इतिहासात पाटीवरून भाषा शिकलेला कवी दुसरा कोणी असेल असे आम्हाला वाटत नाही.

आता त्यांच्या पहिल्या रचनेकडे यावे. ३ मे १९४३ रोजी मुंबईच्या राणीच्या बागेत त्यांनी पहिले गाणे रचले आणि ते होते एका हिंदी गीताचे विडंबन. चरित्रकार हा तपशील सांगतात आणि कवीचा बालपणीचा एखादा बोबडा बोल सांगावा तसे पुढे जातात. आमच्या मते सारे मर्म तिथेच आहे. चाल लोकांच्या ओठांवर आधीच होती, शब्द फक्त बदलायचे होते. ज्याच्याजवळ वाद्यवृंद नाही, नाटक कंपनी नाही, रेडिओची ओळख नाही, त्याला ही केवळ सोय नव्हती, तो एकमेव मार्ग होता. फुकट मिळालेली चाल म्हणजे फुकट मिळालेला श्रोता. ऐकणाऱ्याला गाणे शिकावे लागत नाही. दुसऱ्या कडव्याला तो स्वतःच साथ देऊ लागतो आणि घरी जाताना नवे शब्द बरोबर नेतो.

या युक्तीला नाशिक जिल्ह्यात पूर्वपरंपराही होती. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढची काही वर्षे चालला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. या दोन तारखांच्या मधल्या काळात जिल्ह्यातल्या तरुणांनी जलसे उभे केले. त्यांतले अग्रणी भीमराव कर्डक. आडनाव एकच असल्याने विद्यार्थी या दोघांची हमखास गल्लत करतात, म्हणून मुद्दाम नोंदवतो: भीमराव हे आधीच्या पिढीचे जलसाकार, आंबेडकरी जलशांचा वृत्तान्त त्यांनीच पुढे ग्रंथरूपाने लिहून ठेवला. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्यातला मजकूर बदलला होता, आंबेडकरी जलशांनी तेच अधिक धारदारपणे केले. उसना साचा आणि नवा मजकूर ही गोष्ट वामनदादांना अशी वारशातच मिळाली. त्यांनी जलशाचा पसारा आवरून एकट्या गीतावर सगळा भार टाकला. पुढची सुमारे साठ वर्षे ते गावोगाव गात हिंडले. रचना किती, याचे आकडे निरनिराळे सांगितले जातात. हजारोंत होत्या एवढे म्हणणे पुरे.

धर्मांतरानंतर, १९५६ च्या पुढे, भीमजयंतीच्या रात्री गायन पार्ट्यांचे सामने रंगू लागले. दोन पार्ट्या समोरासमोर, कव्वालीचा ठेका, एकाने सवाल टाकायचा आणि दुसऱ्याने तिथल्या तिथे त्याला जबाब द्यायचा. त्यात अभ्यास लागे, हजरजबाबीपणा लागे आणि थोडा उद्धटपणाही. रॅपमधल्या शब्दांच्या लढती पाहून हरखणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी या सामन्यांविषयी घरच्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारावे. या पार्ट्यांना सतत नवी गाणी लागत, आणि ती पुरवणाऱ्यांत वामनदादांचे नाव फार वर होते. छापील पुस्तिका स्वस्त असत, वरच्या बाजूला अमुक गाण्याची चाल असा उल्लेख असे, आणि तेवढ्यावर गायकाचे काम भागे.

मग कॅसेट आली. फिलिप्सने ती १९६३ साली बाजारात आणली असली तरी आपल्याकडे तिचे खरे राज्य ऐंशीच्या दशकातले. तोवर काय मुद्रित व्हावे हे मोजक्या कंपन्या ठरवत. फीत इतकी स्वस्त निघाली की लहान व्यापाऱ्यालाही ते ठरवता येऊ लागले. भक्तिगीत, लोकगीत, भीमगीत यांचा पूर आला. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज खेड्यातल्या चहाच्या टपरीपर्यंत पोचले. दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या गर्दीत पुस्तकांशेजारी कॅसेटचे ढीग लागू लागले, आणि घरी नेलेल्या एका कॅसेटवरून शेजारपाजारच्या चार कॅसेट भरल्या जात. हे वितरण कोणत्याही हिशेबवहीत नाही.

इथे मात्र आमची तुलना अडखळते, आणि ते सांगितले पाहिजे. मिक्सटेप काढणारा स्वतः गातो. फीत कितीही वेळा उतरवली गेली तरी आवाज त्याचाच असतो, आणि तोच त्याचा हक्काचा कागद. वामनदादा गायक होते खरे, पण कॅसेटच्या बाजारात त्यांचे शब्द बहुतांशी दुसऱ्यांच्या गळ्यातून गेले. आमच्या पाहण्यात आलेल्या कितीतरी कॅसेटांच्या वेष्टनावर गायकाचा रंगीत फोटो आहे; गीतकाराचे नाव बारीक टायपात, कधी तेही नाही. फिफ्टी सेंटला फितीने कंपनीच्या दारापर्यंत नेले, वामनदादांना तिने सर्वत्र नेले पण त्यांच्या नावावाचून. त्यांच्या वाट्याला लोककवी ही पदवी आली. ती प्रेमाने दिलेली आहे यात शंका नाही, पण तिच्यात एक धोका आहे. लोकगीताला कर्ता नसतो असे आपण वर्गात शिकवतो, आणि लोककवीच्या गीतालाही हळूहळू कर्ता उरत नाही.

समीक्षेने तरी काय वेगळे केले? १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला आणि दलित कवितेची चर्चा मुक्तछंदाभोवती फिरू लागली. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, वामनदादांचा 'वाटचाल' हा संग्रह निघाला. मागोमाग 'मोहळ' (१९७६) आणि 'हे गीत वामनाचे' (१९७७). (त्याच १९७३ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ती पार्टी झाली जिला हिपहॉपचा जन्म मानतात. निव्वळ योगायोग, पण लक्षात राहण्यासारखा.) यमक, ठेका, ओळखीची चाल हे सारे त्या काळच्या समीक्षकाला जुने वाटले, प्रचारी वाटले. जे कानासाठी रचले होते ते त्याने डोळ्यांनी वाचले. १९९३ साली वर्ध्याच्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वामनदादांना मिळाले, तो सन्मान त्यांच्या स्वतःच्या माणसांनी केलेला होता. कुसुमाग्रजांचे नाशिक आणि वामनदादांचे नाशिक एकच शहर असूनही आमच्या अभ्यासक्रमांत ते फार काळ दोन वेगळ्या जिल्ह्यांत असल्यासारखे राहिले.

१५ मे २००४ रोजी वामनदादा नाशिकमध्ये वारले. त्याच वर्षी प्रल्हाद शिंदेही गेले. कॅसेटचे दिवसही तेव्हा सरतच आले होते. पुढे अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, म्हणजे 'हंड्रेड आरबीएच', यांच्यासारखे तरुण आंबेडकरी आशय रॅपमध्ये मांडू लागले, तेव्हा हा धागा कुठून आला असा प्रश्न विचारणे आमच्या विभागांचे काम होते.

काम अजूनही आहे, आणि ते भावनेपेक्षा कष्टाचे आहे. वामनदादांच्या एकेका गीताचे पाठ गोळा करायला हवेत: संग्रहातला, पुस्तिकेतला, कॅसेटवरचा, एखाद्या पार्टीच्या वहीतला. गायकांनी शब्द बदलले आहेत, कडवी गाळली आहेत, मूळ कोणत्या चालीवर रचले होते हे पुसले गेले आहे. फिती बुरशीने खराब होत आहेत. अशा वेळी कर्तृत्वाचा एकच पुरावा सर्वाधिक भरवशाचा ठरतो, तो म्हणजे अखेरच्या कडव्यात गुंफलेले 'वामन' हे नाव. संतकवींची नाममुद्रा जे काम करी तेच ही करते; वेष्टन फाटले तरी नाव गाण्याच्या आत शाबूत राहते. आता हीच गीते मोबाइलवर अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत फिरतात. तुकडा बहुधा धृपदाचा असतो. अखेरचे कडवे त्यात येत नाही.