बर्फ कोणाच्या दारात राहिला?

वैशाखाच्या उकाड्यात बर्फाची गोष्ट सांगू लागलो, तर श्रोत्यांस प्रथम गारवा वाटेल आणि मग आश्चर्य वाटेल, की ह्या गृहस्थांचा बर्फाशी संबंध काय? संबंध थोडाच आहे, हे कबूल करतो. लाकडाच्या भुशात गुंडाळून हातगाडीवरून येणारी कारखान्यातली लादी, एवढाच बर्फ आम्ही हाताळला आहे. परंतु आमचा जन्म नगरपालिकेच्या झाडूवाल्यांत आणि गटारवाल्यांत गेला. त्यांच्या पगाराची, रजेची, गमबुटांची भांडणे भांडता भांडता, इतर देशांतले आपले भाऊबंद काय करतात ह्याचे कुतूहल वाटू लागले. शाळा लौकर सुटली असली तरी नगरवाचनालय सुटले नाही. तेथे वाचता वाचता न्यूयॉर्क शहरातल्या बर्फाच्या तक्रारींचा इतिहास हाती लागला आणि आम्ही थक्क झालो. आपल्याकडे पहिल्या पावसात गटार तुंबले म्हणजे जी वाक्ये कानांवर येतात, तीच तेथे नागरिक बर्फाविषयी शंभर-सव्वाशे वर्षे बोलत आले आहेत.

आधी बर्फाचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. पडतो तेव्हा तो पिंजलेल्या कापसासारखा हलका असतो. त्या पहिल्या काही तासांत फावड्याने ओढला तर सहज निघतो. तो तसाच राहिला, त्यावरून माणसे आणि गाड्या गेल्या, की दडपला जातो. दुपारी थोडा वितळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि मग फरशीसारखा घट्ट बसतो. मीठ टाकले की वितळतो खरा, परंतु थंडी शून्याखाली नऊ-दहा अंशांच्या पलीकडे गेली की साधे मीठही फारसे चालत नाही. म्हणून पहिल्या दिवशी जे काम एक माणूस करतो, ते चौथ्या दिवशी चार माणसांना आवरत नाही. ह्या खात्याचा सारा हिशेब त्या पहिल्या तासांवर आहे आणि सारी भांडणेही तेथूनच उगवतात.

१८८८ च्या मार्च महिन्यात, ११ तारखेच्या रविवारी रात्री न्यूयॉर्कमध्ये पाऊस पडत होता. मध्यरात्रीनंतर त्याचा बर्फ झाला आणि पुढच्या दोन दिवसांत एकवीस इंच बर्फ पडला. वाऱ्याने त्याचे ढीग पहिल्या मजल्याच्या खिडक्यांपर्यंत रचले. उंचावरून धावणाऱ्या आगगाड्या अडकल्या, तारा तुटल्या. एकट्या त्या शहरात दोनशेच्या आसपास माणसे मेली. रॉस्को कॉन्कलिंग हा मोठा वजनदार राजकारणी; तो कचेरीतून घरी पायी निघाला, वाटेत कोसळला आणि महिन्याभराने वारला. ह्या संकटाने शहराला पुष्कळ शिकविले. तारा जमिनीखाली गेल्या आणि भुयारी रेल्वेच्या मागणीला जोर आला. ती रेल्वे १९०४ मध्ये सुरू झाली. हे सर्व इतिहासांत मिळते. तो बर्फ उपसला कोणी, हे मात्र एखाद्या ओळीतच येते. रोजावर धरलेल्या हजारो मजुरांनी तो फावड्यांनी उपसला आणि गाड्यांत भरून नदीत लोटला. त्यांत नुकतेच बोटीतून उतरलेले इटालियन पुष्कळ होते.

पुढे १८९५ मध्ये कर्नल जॉर्ज वेअरिंग हा अधिकारी रस्तेसफाई खात्यावर आला. त्याने झाडूवाल्यांना पांढरे गणवेश दिले. लोक त्यांना ‘पांढरे पंख’ म्हणू लागले आणि १८९६ मध्ये त्यांचे शहरातून संचलनही निघाले. वेअरिंगला कामगारांच्या संघटनांचे प्रेम मुळीच नव्हते. तरी त्याने कामगारांनी निवडून दिलेल्या एकेचाळीस प्रतिनिधींची समिती नेमली आणि त्यांच्या गाऱ्हाण्यांसाठी अधिकारी व कामगार एका मेजाशी बसविले. ही गोष्ट वाचून आम्हांस हेवा वाटला. आमच्या उमेदीत, एका नगरपालिकेत साहेबांच्या खोलीत आम्हांला खुर्ची मिळायला सात वर्षे लागली होती. त्या सात वर्षांत आम्ही सारी बोलणी दारात उभ्यानेच केली. असो.

आता मुख्य कथा १९६९ सालची. तेव्हा जॉन लिंडसे न्यूयॉर्कचे महापौर होते. तिकडचा महापौर आपल्याकडील महापौरासारखा सभा चालविण्यापुरता नसतो. खाती, खर्च आणि नेमणुका त्याच्याच हातांत असतात, त्यामुळे शिव्याही त्यालाच बसतात. लिंडसे उंच, देखणे, सुशिक्षित होते आणि गरीब निग्रो वस्त्यांतून निर्भयपणे हिंडणारे म्हणून त्यांचा लौकिक होता. कामगारांशी मात्र त्यांचे जुळले नाही. १९६६ च्या जानेवारीत त्यांनी पदाची सूत्रे घेतली, त्याच दिवशी वाहतूक कामगारांचा संप सुरू झाला आणि बारा दिवस चालला. १९६८ च्या फेब्रुवारीत सफाई कामगारांनी नऊ दिवस संप केला. रोज दहा हजार टन कचरा साचू लागला. महापौरांनी गव्हर्नर रॉकफेलर ह्यांच्याकडे सैनिकांची मागणी केली, ती त्यांनी नाकारली. संघटनेचे पुढारी जॉन डेल्युरी ह्यांना तुरुंगात जावे लागले. हा संप १० फेब्रुवारीला मिटला. दोनच दिवसांनी मेम्फिस शहरात तेराशे सफाई कामगार कामावरून उठले. तेथे पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत बसलेले दोन कामगार तिच्या दाबयंत्रात चिरडून मेले होते. त्याच संपाच्या पाठिंब्यासाठी मार्टिन ल्यूथर किंग मेम्फिसला गेले आणि ४ एप्रिलला तेथेच त्यांचा खून झाला. कचरा आणि बर्फ ही खाती वेगळी नाहीत, हे कळावे म्हणून हे सांगितले. न्यूयॉर्कमध्ये बर्फ पडला की कचऱ्याच्याच गाड्यांना पुढे लोखंडी पाते बांधतात. त्या पात्याला तिकडे नांगरच म्हणतात. गाडी तीच आणि माणसेही तीच.

१९६९ च्या फेब्रुवारीची ९ तारीख हाही रविवारच होता. वेधशाळेने थोडा बर्फ आणि मग पाऊस, असे भाकीत केले होते. पाऊस आलाच नाही. शहराच्या मध्यभागी पंधरा इंच आणि केनेडी विमानतळावर वीस इंच बर्फ पडला. हजारो प्रवासी विमानतळावर अडकले. सोमवारी शहर थांबले, ह्याचे कोणाला नवल वाटले नाही. परंतु मॅनहॅटनचे मोठे रस्ते मोकळे झाले, तरी नदीपलीकडच्या क्वीन्स विभागातल्या गल्ल्यांत नांगर फिरकला नव्हता. मंगळवार गेला, बुधवार आला. गाड्या पुरलेल्या, दूध नाही, कचरा उचललेला नाही, डॉक्टर येऊ शकत नाही. त्या वादळात बेचाळीस माणसे मेली आणि त्यांतली निम्मी क्वीन्समधली होती.

क्वीन्समध्ये राल्फ बंच राहत असत. १९५० चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळविलेले हे निग्रो विद्वान तेव्हा संयुक्त राष्ट्रसंघाचे मोठे अधिकारी होते. त्यांनाही घराबाहेर पडता येईना. त्यांनी महापौरांना तार केली, की आमच्या भागात नांगर दिसलेला नाही आणि ही कामगिरी लाजिरवाणी आहे. एवढ्या माणसाची ही स्थिती, तर कोपऱ्यावरच्या वाण्याची आणि रात्रपाळीच्या परिचारिकेची काय असेल!

महापौर पाहणीला निघाले. त्यांची मोटार बर्फात रुतली. मग चारी चाकांनी ओढणारा ट्रक आणला, तोही अडला. तेव्हा पायी चालू लागले आणि लोकांनी त्यांची हुर्यो उडविली. बायका खिडक्यांतून त्यांना लाज काढून बोलल्या. ह्या प्रसंगाची छायाचित्रे व वर्णने शहरभर झाली. लोकांनी त्यातून अर्थ असा काढला, की साहेबांना मॅनहॅटनमधले श्रीमंत दिसतात, कधी गरीब दिसतात. कर्ज काढून लहानसे घर बांधणारा आणि वेळेवर कर भरणारा मात्र दिसत नाही. हा आरोप सर्वस्वी न्याय्य होता असे आम्ही म्हणणार नाही. पण दारातला बर्फ वादविवाद ऐकत नाही.

आमच्या दृष्टीने खरी गोष्ट पुढेच आहे. चौकशीत असे निघाले, की बर्फ काढण्याच्या यंत्रांपैकी सुमारे चाळीस टक्के यंत्रे निगा न राखल्यामुळे नादुरुस्त पडून होती. रविवार म्हणून माणसेही मोजकीच कामावर होती. पहिले तास हातचे गेले आणि बर्फाची फरशी झाली. म्हणजे क्वीन्सचा बर्फ फेब्रुवारीत राहिला असे नव्हे. मागच्या उन्हाळ्यात दुरुस्तीच्या कारखान्यात जी यंत्रे उभी राहिली, तेव्हाच तो तेथे राहिला होता. ज्याने खात्यात काम केले आहे त्याला हे सांगावे लागत नाही. दुरुस्तीचा पैसा कापला तर त्या वर्षी कोणाची तक्रार येत नाही, म्हणूनच तो प्रथम कापला जातो.

त्या जूनमध्ये लिंडसे आपल्याच रिपब्लिकन पक्षाच्या निवडणुकीत हरले. नोव्हेंबरात दुसऱ्या लहान पक्षाच्या तिकिटावर कसेबसे निवडून आले. पण त्यापूर्वी दूरचित्रवाणीवर त्यांना बर्फाच्या बाबतीत आपली चूक झाल्याचे कबूल करावे लागले. शिकागोचे मायकेल बिलांडिक एवढे सुदैवी नव्हते. १९७९ च्या जानेवारीत, १३ आणि १४ ह्या शनिवार-रविवारी, आधीच्या बर्फावर आणखी दीड फुटाहून अधिक बर्फ पडला. महापौरांनी सांगितले, की शाळांची आवारे मोकळी केली आहेत, मोटारी तेथे नेऊन ठेवा. लोक गेले तो आवारे बर्फाने भरलेली! पुढे आगगाड्या वेळेवर चालाव्यात म्हणून काही स्थानके गाळण्यात आली आणि गाळलेली बरीचशी स्थानके काळ्या लोकांच्या वस्तीतली होती. थंडीत फलाटावर उभ्या माणसासमोरून, उपनगरातल्या गोऱ्यांनी भरलेली गाडी न थांबता निघून जाते, हे दृश्य कोण विसरेल? २७ फेब्रुवारीला पक्षांतर्गत मतदान झाले आणि बिलांडिक पडले. त्यांनीच पूर्वी नोकरीवरून काढलेल्या जेन बर्न ह्या बाई शिकागोच्या पहिल्या स्त्री-महापौर झाल्या.

बर्फ असा सुटीचा दिवस पाहूनच का पडतो, हे आम्हांस कळलेले नाही. कारण २०१० च्या डिसेंबरची २६ तारीख, नाताळचा दुसरा दिवस, हाही रविवार होता. न्यूयॉर्कमध्ये पुन्हा वीस इंच बर्फ पडला. महापौर ब्लूमबर्ग ह्यांच्या कारभाराने बर्फाची आणीबाणी जाहीरच केली नाही. मोटारी आणि बसगाड्या रस्त्यांत रुतल्या, त्यांच्या मागे नांगर रुतले. रुग्णवाहिका पोहोचेनात. आणि ह्या वेळी बोट कामगारांकडे वळले. एका नगरसेवकाने सांगितले, की सफाई कामगारांनी मुद्दाम काम मंदावले. बातमी वणव्यासारखी पसरली. आधीच्या दोन वर्षांत खात्यातली सुमारे चारशे माणसे कमी झाली होती आणि शंभर मुकादमांची पदावनती ठरली होती, म्हणून लोकांना ती खरीही वाटली. शहराच्या चौकशी खात्याने महिनोन् महिने तपास केला आणि २०११ च्या जूनमध्ये अहवाल दिला, की संघटितपणे काम मंदावल्याचा पुरावा नाही. आरोप पहिल्या पानावर येतो आणि निर्दोषत्व सहा महिन्यांनी आतल्या पानावर येते, हा अनुभव आम्हांसही आहे.

पुढे तेथे नांगरांवर ठावठिकाणा सांगणारी यंत्रे बसली आणि आपल्या गल्लीतून गाडी शेवटी केव्हा गेली, हे नागरिकांना घरबसल्या नकाशावर दिसू लागले. ही सुधारणा चांगली आहे. गाडी आलीच नाही, हे म्हणणे खरे की खोटे, ते आता दोन्ही बाजूंना पडताळता येते. फूटपाथचे भांडण मात्र तसेच आहे. रस्ता शहराचा, पण दारापुढचा फूटपाथ घरमालकाने साफ करायचा, असा तेथे कायदा आहे. बर्फ थांबल्यापासून चार तासांत. रात्री नऊ ते सकाळी सात हा वेळ त्यात धरीत नाहीत. म्हातारा घरमालक कंबर मोडून वाट करतो, इतक्यात नांगर येतो आणि रस्त्यातला बर्फ पुन्हा त्याच्या वाटेवर लोटून जातो. तो बर्फ परत रस्त्यात टाकला तर दंड होतो.

आणि कोपऱ्यावर, रस्ता ओलांडण्याच्या जागी, जेथे हा सारा ढीग जमतो, तेथे कोणाचेच दार नसते. चाकाच्या खुर्चीतला माणूस आणि बाबागाडी ढकलणारी आई तेथेच अडतात. ते कोपरे आणि बसथांबे मोकळे करायला शहर आजही तासाच्या मजुरीवर माणसे धरते. वादळाची बातमी आली की ती आपली ओळखपत्रे घेऊन नाव नोंदवायला जातात. बर्फ सरला की काम संपते. त्यांचे काम १८८८ च्या त्या इटालियन मजुरांचेच आहे आणि हातातले फावडेही फारसे बदललेले नाही.