कामाला बांधलेला दिवा

संगणकाचा इतिहास सांगणारे लोक बहुधा दोनच गोष्टी सांगतात : यंत्र केवढे मोठे होते आणि ते किती लवकर हिशेब करी. खोलीएवढे यंत्र कपाटाएवढे झाले, कपाटाएवढे होते ते खिशात मावू लागले, ही कथा आता शाळकरी मुलांनाही पाठ आहे. तिच्यातला एक लहानसा अध्याय मात्र राहून जातो. यंत्र काम करीत असताना जवळ उभ्या असलेल्या माणसाला ते कळावे कसे? पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरताना दिसतो. मोट चालू असली की चाकाची कुरकुर दोन शेतांपलीकडे ऐकू जाई. संगणकाचे तसे नाही. चालू असलेला संगणक आणि अडकून पडलेला संगणक बाहेरून अगदी सारखे दिसतात. या मुक्याला बोलते करण्याचे जे प्रयत्न गेल्या पाऊणशे वर्षांत झाले, त्यांचा हा थोडक्यात वृत्तांत आहे. मी उमेदीची वर्षे या यंत्रांच्या सहवासात काढली आणि आता कळमेश्वरला, माझ्या गावी, येऊन राहिलो आहे. म्हणून आरंभ गावापासूनच करतो.

कळमेश्वर हे नागपूर–इटारसी लोहमार्गावरचे स्थानक. दिल्ली–मद्रास ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस येथून धडधडत निघून जाई, आणि ती येण्यापूर्वी मास्तरांच्या खोलीतून घंटीचे ठोके ऐकू येत. ज्याला ब्लॉक यंत्र म्हणतात त्याची ती भाषा. दुहेरी मार्गावरच्या अशा यंत्राला एक काटा असतो आणि त्याच्या तीन जागा असतात : मार्ग बंद, मार्ग मोकळा, मार्गावर गाडी. पुढच्या स्थानकातला मास्तर दांडी फिरवी तेव्हा मागच्या स्थानकातला काटा वळे. कित्येक मैलांच्या पट्ट्यात डोळ्यांआड काय चालले आहे, ते त्या बोटभर काट्यावरून समजे. पण काट्याला वळविणारा हात माणसाचा, आणि माणूस चुकतो.

१८७२ साली अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन याने यापुढची युक्ती काढली. रुळांच्या एका तुकड्यातून अगदी मंद वीज सोडून ठेवावयाची. ती दुसऱ्या टोकाशी एका रिलेला धरून ठेवते. गाडी त्या तुकड्यावर आली की वीज चाकांतून आणि आसातून परस्पर परत फिरते, रिले सुटतो, आणि आजच्या फलकावर त्या जागी तांबडा दिवा लागतो. तार तुटली किंवा बॅटरी उतरली, तरी दिवा तांबडाच लागतो. म्हणजे बिघाडसुद्धा स्वतःला लपवू शकत नाही. या दिव्याचे दोन गुण वाचकांनी ध्यानात ठेवावेत. एक, तो कामालाच बांधलेला आहे. मध्ये कोणाचा शब्द नाही. दुसरा, त्याच्याकडे टक लावून बसावे लागत नाही. डोळ्याच्या कडेला तांबडे दिसले तरी पुरते. संगणकाच्या दिव्यांचा इतिहास म्हणजे हे दोन गुण मिळविण्याचा आणि गमावण्याचा इतिहास होय.

इंग्लंडातील मँचेस्टर येथे २१ जून १९४८ रोजी एका यंत्राने स्वतःच्या स्मृतीत साठवलेला कार्यक्रम प्रथमच चालवून दाखविला. फ्रेडी विल्यम्स, टॉम किलबर्न आणि जॉफ टूटिल हे त्याचे कर्ते. त्याची स्मृती म्हणजे टीव्हीच्या पडद्यासारख्या एका काचनळीवरचे विजेचे ठिपके. साठवणाची नळी झाकलेली असे; पण तिला जोडलेल्या दुसऱ्या नळीवर तेच ठिपके उमटत आणि समोरच्या माणसाला दिसत. २,६२,१४४ या संख्येचा, ती संख्या सोडून, सर्वांत मोठा भाजक शोधण्याचे काम त्याला दिले होते. सुमारे ३५ लाख क्रिया करून ५२ मिनिटांनी यंत्राने १,३१,०७२ हे उत्तर दिले. आपल्याकडच्या जुन्या लग्नांतले घटिकापात्र २४ मिनिटांत बुडे. तशी दोन पात्रे बुडून तिसरे तरंगू लागावे इतका वेळ ती माणसे नाचणाऱ्या ठिपक्यांपुढे उभी होती. ठिपके नाचत होते म्हणूनच वाट पाहण्यात अर्थ होता.

ऑस्ट्रेलियात सिडनीला १९४९ मध्ये चालू झालेल्या आणि पुढे सायरॅक या नावाने ओळखल्या गेलेल्या यंत्राला तर ध्वनिक्षेपकच जोडला होता. कार्यक्रम कोठवर आला, संपला की नाही, हे आवाजावरून कळावे एवढाच त्याचा हेतू. पण हौशी मंडळींनी लवकरच त्याच्याकडून सूर वाजवून घेतले. ते यंत्र आज मेलबर्नला जतन करून ठेवले आहे.

आपल्या देशात पहिला अंकीय संगणक आला तो कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत, १९५५ साली. तो बाहेरून आणलेला होता. घरी घडविण्याचा मान मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेकडे जातो. रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तेथे प्रथम एक लहान नमुना तयार झाला आणि फेब्रुवारी १९६० मध्ये पूर्ण यंत्र कामाला लागले. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड, १२,५०० रोधक, आणि ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची फेराइट कड्यांची स्मृती, असा त्याचा संसार होता. मला त्यातली विशेष वाटते ती गोष्ट निराळीच : या यंत्राला काचनळीचा पडदा होता आणि त्यावर आलेख व अक्षरे दोन्ही उमटविता येत. भांडवल अपुरे, सुटे भाग मिळण्याची मारामार, अशा त्या दिवसांतही यंत्राला चेहरा असावा हे आमच्या लोकांना सुचले, ही अभिमानाची गोष्ट आहे.

पुढे दिव्यांच्या फलकांचे युग आले. यंत्राच्या पोटातील आकड्याच्या प्रत्येक अंकाला एक दिवा. मुरलेला चालक ते आकडे वाचीत बसत नसे. काम नीट चालू असले की दिव्यांची एक ओळखीची लगबग असे. कार्यक्रम त्याच त्या दोन-चार आज्ञांत फिरत अडकला की दिव्यांचा एकच नमुना थिजल्यासारखा दिसे. चहाचा पेला हातात घेऊन मान वळवताच तो सांगे, “हे गेले!” पीडीपी-११ या यंत्रांवरच्या एका कार्यप्रणालीत तर यंत्राला काही काम नसले म्हणजे दिव्यांची एक ठरावीक नक्षी फिरत राही. रिकामपणही दिसत असे, आणि खरे दिसत असे.

एक यंत्र एकाच वेळी अनेकांची कामे करू लागले आणि हा चेहरा पुसट झाला. पाककृती हा कार्यक्रम, तर चुलीवर शिजत असलेला भात ही प्रक्रिया. एकच वाढपी शंभर पानांच्या पंगतीत इतक्या झपाट्याने फिरावा की प्रत्येकाला वाटावे, तो माझ्यापुढेच उभा आहे, असे हे वाटून काम करणे. आता दिवा लागला तो कोणाच्या कामाचा? म्हणून याद्या आल्या. युनिक्समध्ये ‘पीएस’ ही आज्ञा दिली की चालू प्रक्रियांची यादी मिळते. १९८४ साली विल्यम लफीव्हर याने ‘टॉप’ लिहिले, त्यात तीच यादी दर थोड्या वेळाने आपणहून बदलत राहते. या याद्या खऱ्या आहेत, उपयोगी आहेत. परंतु त्या मागाव्या लागतात, आणि ज्याला वाचता येतात त्यालाच बोलतात. रॉबिन्सनच्या दिव्याचा पहिला गुण राहिला, दुसरा गेला.

हजारो प्रोसेसर एकत्र जोडण्याची कल्पना आली तेव्हा ही अडचण दुणावली. अमेरिकेत डॅनी हिलिस याने घडविलेल्या ‘कनेक्शन मशीन’मध्ये ६५,५३६ लहान प्रोसेसर होते, आणि त्या काळ्या घनाच्या अंगावर लाल दिव्यांची दाटी होती. कोठे काम चालले आहे ते त्यांवरून दिसे. आमच्या विदर्भालाही या विषयाशी नाते सांगता येते. अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे आणि नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ हा समांतर संगणक उभा केला. अशा यंत्रात काही प्रोसेसर घाम गाळीत असतात आणि काही नुसते वाट पाहत असतात. कोण कशात गुंतला आहे हे पाहता आले नाही, तर सारा शक्तिसंचय फुकट जातो.

पण येथेच एक विपरीत गोष्टही घडली. कनेक्शन मशीनच्या पुढच्या पिढीत, सीएम-५ मध्ये, दिव्यांना एक वेगळी चाल लावून देता येई. तिचे नावच ‘यदृच्छ आणि सुखद’ अशा अर्थाचे होते. दिवे लुकलुकत, पाहणारा खूश होई, आणि आत काय चालले आहे याचा त्या लुकलुकीशी काही संबंध नसे. दिवा कामापासून सुटून शोभेचा झाला. त्या वेळी ही गंमत होती.

१९९५ साली कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या संशोधनशाळेत नताली जेरेमिजेन्को या कलावतीने उलट दिशेचा प्रयोग केला. छताला एक छोटी मोटर बसवून तिला आठ फुटी प्लास्टिकची दोरी टांगली, आणि मोटर जोडली संगणकांच्या जाळ्याच्या तारेला. तारेतून संदेश गेला की मोटरला हिसका बसे. काम थोडे असले तर दोरी मधूनच थरथरे. गर्दी झाली की घूं घूं करीत गरगरे. मार्क वायझर आणि जॉन सीली ब्राउन यांनी यावरून ‘शांत तंत्रज्ञाना’चा विचार मांडला : यंत्राने सदैव आपल्यापुढे उभे राहू नये, लक्षाच्या कडेला राहावे, आणि गरज पडताच मध्यभागी यावे. आमच्या गृहिणींना हे नवे वाटणार नाही. बाहेर अंगणात धान्य निवडीत बसलेली बाई कुकरच्या शिट्या मोजीत नाही असे दिसते. पण तिसरी शिटी झाली की ती उठते.

आता आजची स्थिती पाहा. गेल्या उन्हाळ्यात मी आमच्या भागातल्या एका सेवा केंद्रात बसलो होतो. पीककर्जासाठी सातबारा हवा असलेले एक वयस्क शेतकरी पडद्यावरच्या फिरत्या चकरीकडे डोळे लावून होते. वीस मिनिटे झाली. केंद्रातला मुलगा म्हणाला, “काका, सर्वर डाऊन दिसते.” ते म्हणाले, “सुरू तं आहे, फिरून राह्यलं नं!” शेवटी पाहिले तो जाळ्याची तारच मागून निसटलेली. यंत्राचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटलेला होता, आणि चकरी मात्र निष्ठेने फिरत होती, कारण ती कामाला बांधलेलीच नव्हती. ती नुसती काढलेली होती. त्या गृहस्थांचा तर्क काही चुकीचा नव्हता. फिरणारे चाक म्हणजे चालू काम, हे त्यांना मोटेने आणि गिरणीने शिकविले होते. त्यांचा अर्धा दिवस गेला तो त्या चकरीवर विश्वास ठेवल्यामुळे.

कोणी म्हणेल, सामान्य माणसाला यंत्राच्या पोटातले कळून करावयाचे काय? माझे उत्तर असे की, त्याला पोटातले सगळे नको आहे. त्याला एवढेच हवे आहे की बसावे की उद्या यावे. हे सांगणे अशक्यही नाही. कोणती प्रक्रिया चालू आहे, कोणती कशासाठी थांबली आहे, याचा हिशेब यंत्र क्षणोक्षणी ठेवीतच असते. त्याशिवाय त्याची पंगत चालणारच नाही. त्या हिशेबातली एक रेघ वाट पाहणाऱ्याच्या बाजूला वळविली म्हणजे झाले. मागणी पलीकडे पोचली असेल तर एक रंग, अडली असेल तर दुसरा, आणि तार तुटली तर आपोआप तांबडा. ही विद्या १८७२ पासून उपलब्ध आहे.

सेवा केंद्रे, रेशनची दुकाने, बँका या सर्वांचा कारभार आता अशाच मुक्या पेट्यांतून चालतो. त्यांच्यापुढे रांगेत उभा राहणारा माणूस मँचेस्टरच्या त्या तिघांइतकाच उत्सुक असतो, आणि त्याच्याजवळ वेळ त्यांच्याहून कमी असतो. त्यांना खरे ठिपके दिसत होते. यालाही खरा दिवा दिसला पाहिजे.