राजा दीनदयाळ : माणूस आणि उजेड

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत दिवाणखान्याच्या भिंतींवर वरच्या बाजूने किंचित पुढे झुकलेल्या तसबिरी असत. आमच्याही घरी अशी एक तसबीर आहे, आमच्या पणजीची. नऊवारी लुगडे, नाकात नथ, एक हात खुर्चीच्या पाठीवर टेकलेला. लहानपणी त्या तसबिरीत आम्हांला एक गोष्ट फार खटके. पणजीच्या कपाळीचे कुंकू पार काळे दिसे. सौभाग्यवतीच्या कपाळी काळे कुंकू कसे, असे आजीला विचारले तेव्हा ‘फोटोवाल्याची चूक’ एवढेच उत्तर मिळाले. ती चूक फोटोवाल्याची नव्हती, हे कळायला आम्हांला सेवानिवृत्तीपर्यंत थांबावे लागले. ते कळले ते राजा दीनदयाळ यांच्या कामाचा मागोवा घेताना.

हिंदुस्थानातील छायाचित्रणाच्या इतिहासात ज्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते, त्या दीनदयाळांच्या कलेचा आरंभ आमच्याच इंदुरात आणि तोही सरकारी नोकरीत झाला, ही गोष्ट आमच्यासारख्या निवृत्त नोकरदारास सुखावणारी आहे. त्यांचा जन्म 1844 साली मेरठजवळील सरधना येथे एका जैन जवाहिऱ्याच्या घराण्यात झाला. रुडकीच्या टॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात शिक्षण घेऊन 1866 साली ते इंदुरास सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. काम नकाशे काढण्याचे आणि अंदाजपत्रके करण्याचे. 1874 च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. तुकोजीराव होळकर (दुसरे) यांचा आश्रय आणि मध्य भारताचे गव्हर्नर जनरलचे एजंट सर हेन्री डेली यांचे प्रोत्साहन त्यांना लाभले. पुढे डेलींच्या जागी आलेले सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर फिरून त्यांनी मध्य भारतातील वास्तूंची छायाचित्रे घेतली. ती 1886 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

त्या काळी छायाचित्र घेणे ही मेहनतीची गोष्ट होती. 1851 पासून रूढ झालेल्या ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत काचेवर कोलोडियनचा थर द्यायचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून, चित्र घेऊन, लगेच अंधाऱ्या खोलीत वा तंबूत धुवायची. काच वाळली की काम फुकट. 1880 च्या दशकात जिलेटिनच्या कोरड्या काचा सर्रास मिळू लागल्या, तेव्हा कुठे हा खटाटोप कमी झाला. पण ओली काय वा जुनी कोरडी काय, या काचांचा एक स्वभाव होता. निळा उजेड त्यांना चटकन दिसे; पिवळा फार थोडा; तांबडा जवळजवळ दिसतच नसे. म्हणून जुन्या चित्रांत निळे आकाश कोरे पांढरे येते, हळदीच्या रंगाचे वस्त्र काळवंडते आणि लाल कुंकू काळे पडते. आमच्या पणजीच्या कपाळीचा उलगडा असा झाला.

काचेचा हा स्वभाव ओळखून माणसाचा चेहरा उजळवणे, ही छायाचित्रकाराची खरी कसोटी होती. आमच्या लोकांचे गव्हाळ, सावळे, काळे वर्ण त्या काचेवर आहेत त्याहून गडद उमटत. उजेड वाढवावा तर पांढरे धोतर आणि अंगरखा यांची वळणे धुऊन जात. कमी करावा तर चेहरा अंधारात बुडे. यावर उपाय म्हणून चित्रशाळेला उत्तरेकडे काचेचे तावदान किंवा काचेचे छत ठेवीत. आपल्याकडे उत्तरेचे ऊन सहसा थेट येत नाही, नुसता मवाळ उजेड येतो. छताखालचे पडदे ओढून किंवा सैल सोडून तो कमीजास्त करीत. चेहऱ्याची जी बाजू सावलीत असेल तिच्याजवळ पांढरे कापड उभे करून थोडा उजेड परतवीत. बसलेल्या माणसाची मान हलू नये म्हणून मागे लोखंडी टेका लावीत. जुन्या तसबिरींतील माणसे ताठ आणि गंभीर दिसतात, त्याला ही सक्तीची निश्चलताही कारण आहे.

दीनदयाळांची व्यक्तिचित्रे पाहताना आम्हांला त्यांच्यातील नकाशे काढणारा माणूस आठवतो. वास्तूची उंची कळावी म्हणून पायथ्याशी माणूस उभा करण्याची त्या काळच्या छायाचित्रकारांची रीत होती. तेथे माणूस म्हणजे निव्वळ माप. पुढे त्यांनी माणसालाच विषय केले, पण मोजमापाची नजर सोडली नाही. त्यांचा सरदार चौकटीच्या मधोमध, सभोवती मोकळी जागा राखून बसतो. कलाबतू, तलवारीची मूठ, गालिच्याची नक्षी हे सारे स्पष्ट असते, पण नजर शेवटी चेहऱ्यावरच जाऊन ठरते, कारण उजेड तेथे नेमका पडलेला असतो.

हे वैशिष्ट्य कळण्यासाठी कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचे काम शेजारी ठेवून पाहावे. 1860 च्या दशकात इंग्लंडमध्ये त्यांनी माणसाच्या अगदी जवळ जाऊन, एका बाजूने उजेड घेऊन, रेषा मुद्दाम पुसट ठेवून चित्रे काढली. तेथे चेहरा अंधारातून हळूच वर येतो. दीनदयाळ दोन पावले मागे उभे राहतात आणि माणसाला त्याच्या जागेसकट, दर्जासकट दाखवतात. एकीत मन दिसते आणि दुसऱ्यात केवळ पद, असे म्हणण्याचा मोह होतो, पण तो आम्हांला मान्य नाही. अदबीने, अंतर राखूनही माणूस पाहता येतो. दरबारी रिवाजात वाढलेल्या समाजाला ते सांगायला नको.

1880 च्या दशकाच्या मध्यास ते सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पदरी गेले. 1886 साली सिकंदराबादेस आणि 1896 साली मुंबईस त्यांनी चित्रशाळा काढल्या. 1894 साली निजामांनी त्यांना राजा बहादूर मुसव्विर जंग हा किताब दिला. आमच्या मते त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत धाडसी पाऊल 1892 सालचे. त्या साली त्यांनी हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी जनानी चित्रशाळा उघडली आणि ती श्रीमती केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंच्या हाती सोपवली. पडद्याआड आयुष्य काढणाऱ्या स्त्रियांना परपुरुषासमोर न येता आपली छबी काढून घेता येऊ लागली. उत्तरेचा उजेड चेहऱ्यावर घेऊन बसण्याचा मान तोवर बहुतांशी पुरुषांचा होता.

1905 साली दीनदयाळ निवर्तले. 1989 साली त्यांच्या चित्रशाळेच्या 2,857 काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने विकत घेतल्या आणि 2006 साली टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. त्यांच्या अनेक चित्रांच्या कोपऱ्यात क्रमांक आणि मजकूर काचेवरच लिहिलेला आढळतो. आयुष्यभर नस्त्यांवर जावक क्रमांक घातलेल्या आम्हांला ही कचेरीची शिस्त ओळखीची वाटली. आज अभ्यासकांना चित्रातील जागा आणि माणसे ओळखता येतात, त्यात या क्रमांकांचा वाटा मोठा आहे.

आणि येथेच आम्हांला आमची लाज वाटली. वाडा विकताना भिंतींवरून 11 तसबिरी उतरल्या. त्यांतील चारच माणसांची नावे आम्ही सांगू शकलो. बाकीची ओळखणारी शेवटची व्यक्ती म्हणजे आमची थोरली आत्या, आणि तिला विचारायचे ‘पुढच्या खेपेस’ असे म्हणता म्हणता ती गेली. त्या सात जणांचे डोळे, मिशा, दागिने, सारे काही स्वच्छ आहे. उजेडाने आणि काचेने आपले काम चोख केले. कुचराई आमची झाली.

मंडळाच्या सभासदांना म्हणूनच विनंती आहे. आपापल्या घरच्या तसबिरी खाली उतरवाव्यात. घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसून एकेक नाव विचारून घ्यावे आणि चित्राच्या पाठीमागे मऊ शिसपेन्सिलीने, न दाबता लिहावे. शाई वापरू नये, ती पुढे उमटते. स्त्रियांची सासरची आणि माहेरची, दोन्ही नावे लिहावीत. आमच्या पणजीचे सासरचे नाव आम्ही लिहिले आहे. माहेरचे नाव विचारण्यासाठी पुढल्या महिन्यात देवासला एका वृद्ध नातलगांकडे जाणार आहोत. या वेळी खेप लांबवणार नाही.