कॉम्प्रेसरची उलटी उसळी

रायपूरच्या डिझेल शेडने ज्या डब्ल्यूडीएम-२ रेल्वेइंजिनांची निगा राखली, त्यांचे १६ सिलिंडर टर्बोचार्जरच्या बळावर २६०० अश्वशक्ती देत. याच घराण्यातील डब्ल्यूडीएम-३ए पुढे ३१०० पर्यंत पोहोचले. शक्ती वाढवायची तर हवा वाढवावी लागते, आणि तेथेच जुना वैरी भेटतो : सर्ज.

दाब अधिक, प्रवाह अपुरा झाला की कॉम्प्रेसरच्या पात्यांवरील हवेचा प्रवाह विस्कटतो. पुढे साठलेली हवा धडधडत मागे उसळते, दाब उतरताच पुन्हा पुढे जाते. १९५५ मध्ये एमन्स व सहकाऱ्यांनी या आंदोलनाची तुलना हेल्महोल्ट्झच्या अनुनादकाशी केली. १९७६ मध्ये ग्राइट्झर यांनी दाखवले, की दोष एकट्या कॉम्प्रेसरचा नसतो. पुढील नळ्यांची लांबी आणि हवेच्या साठ्याचे आकारमानही त्यात भागीदार असते.

म्हणूनच केवळ टर्बो बदलणे हा महागडा आंधळेपणा ठरू शकतो. रेल्वेइंजिनात आधी तुंबलेली हवा-गाळणी, आफ्टरकूलर आणि काजळलेली नोझल रिंग पाहावी लागते. फेरफार केलेल्या पेट्रोल मोटारीत प्रश्न निराळा : धडधड केव्हा होते? अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलताच होत असेल, तर मिटलेल्या थ्रॉटलमागे हवा कोंडते; बायपास झडप तिला वाट देते. मात्र पाय पूर्ण दाबलेला असताना होत असेल, तर झडप निरुपयोगी. बहुधा त्या इंजिनाला तो कॉम्प्रेसरच मोठा झालेला असतो.