किल्ल्यातला चहा

श्रोतेहो, हिंगोली, वसमत, कळमनुरीकडे बऱ्याच घरांत न्हाणीजवळ गवती चहाचा ठोंब असतो. पडसं झालं, की दोन पाती तोडून आल्याबरोबर उकळायच्या. आपण म्हणतो, हिरवा चहा केला! पण ही पात म्हणजे गवताची जात, बरं का. खरा चहा हा एका झुडपाचा पाला. तो खुडून लगेच तापवला, की काळा पडत नाही. तोच हिरवा चहा.

चीनमध्ये या चहाला फुलांचा वास देतात. आपल्या मोगऱ्याच्या कळ्या रात्री उमलतात ना? त्या चहाच्या पानांत मिसळून रात्रभर ठेवायच्या, सकाळी फुलं काढून टाकायची आणि पुन्हा नव्या कळ्या घालायच्या. चहा वास ओढून घेतो.

असाच एक सुवासिक चिनी चहा आपल्या महाराष्ट्रातल्या एका तुरुंगात प्यायला जात होता. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद यांना पकडण्यात आले. नेहरू, वल्लभभाई, शंकरराव देव यांच्यासह त्यांना अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात ठेवले. चांदबिबीने लढवलेला किल्ला तो हाच.

मौलाना पहाटे तीन-चारला उठत, स्वतःच्या हाताने चहा करीत आणि लिहायला बसत. स्नेही हबीबुर रहमान खान शेरवानी यांना उद्देशून त्यांनी उर्दूत पत्रे लिहिली. धाडता मात्र आली नाहीत. ती १९४६ साली 'गुबार-ए-खातिर' या नावाने छापली गेली. त्यांतले एक पत्र बरेचसे चहावरच आहे. आपल्या आवडत्या चहाला त्यांनी 'गोरी चमेली' म्हटले. चहात दूध घालणे त्यांना मुळीच पसंत नव्हते; ही खोड इंग्रजांची, असे त्यांचे मत. आता आपल्याला दुधाशिवाय चहा गोड लागायचा नाही, ती गोष्ट वेगळी!

म्हणाल, एवढा मोठा पुढारी आणि चहाचे कौतुक काय सांगता? तर ऐका. त्याच कैदेत असताना, एप्रिल १९४३ मध्ये, त्यांच्या पत्नी झुलैखा बेगम कलकत्त्यात वारल्या. आजारपणाची बातमी त्यांना कळली होती. पण भेटीसाठी सरकारकडे अर्ज करायला त्यांनी नकार दिला. शेवटची भेट झाली नाही. सरकारपुढे हात न पसरणाऱ्या त्या माणसापाशी स्वतःची म्हणून उरली होती ती पहाटेची घटका, एक पेला आणि लेखणी. तेवढी त्यांनी नेमाने जपली.

तेव्हा आपल्याकडे निजामाचे राज्य होते. सप्टेंबर १९४८ मध्ये ते संपले. कारभार उर्दूत चाले, म्हणून आपल्या आजा-पणजांपैकी जे शिकले त्यांना ही पत्रे मुळातून वाचता आली असती.

गुरुजी, हेच आझाद स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री. १९५८ साली मृत्यूपर्यंत ते त्या पदावर होते. त्यांची जयंती ११ नोव्हेंबर. २००८ पासून तो दिवस राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी वर्गात तारखा सांगालच. त्यांच्या जोडीला ही पहाटेच्या चहाची गोष्टही सांगा. मुलांच्या ध्यानात राहील.