खेळ, मुलांचे धाडसी

पडण्याचा, बुडण्याचा, लागण्याचा वा वाट चुकण्याचा संभव असूनही, किंबहुना त्या संभवामुळेच, मुलांना ज्यांची ओढ वाटते असे खेळ. नॉर्वेतील संशोधिका एलेन सँडसेटर यांनी २००७ मध्ये त्यांचे सहा प्रकार मांडले : उंची, वेग, धोक्याची हत्यारे, धोक्याच्या जागा (पाणी, विस्तव इ.), झोंबाझोंबी आणि मोठ्यांच्या नजरेआड भटकणे.

पिंगळी (जि. परभणी) ज्या काळ्या मातीच्या पट्ट्यात वसले आहे, तेथील अशा खेळांची मुख्य स्थाने वड आणि विहीर ही होत. सूरपारंब्यांत एक गडी पायाखालून काठी दूर फेकतो. ज्यावर राज्य आहे तो ती आणून रिंगणात ठेवीपर्यंत इतर गडी झाडावर चढतात व पुढे त्याला चुकवून, पारंबीला लोंबकळत खाली येऊन काठीला शिवतात. विहिरीत पोहायला शिकताना पाठीशी वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधीत. कमरेच्या दोराचे टोक काठावरच्या जाणत्याच्या हाती असे. पुढे दोर सुटे, बिंडाही सुटे आणि मुले काठावरून सूर किंवा मुटका मारीत. धोका असा हप्त्याहप्त्याने वाढविण्याची ही रीत कोणत्याही लिखित नियमावलीपेक्षा शहाणपणाची होती. मुलींच्या वाट्याला मात्र विहीर क्वचितच येई. वेगाची धुंदी त्यांना फुगडीत मिळे.

विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्याच्या डेक्कन जिमखान्यासारख्या (स्थापना १९०६) संस्थांनी देशी खेळांना नियमबद्ध रूप दिले. मैदानावर आखता येणारा खोखो त्यामुळे टिकला. सूरपारंब्या आखता येईनात, कारण कोणतेही दोन वड सारखे नसतात. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यात विंधनविहिरी वाढत गेल्या. भूजल खालावले, तशा अनेक जुन्या विहिरी उन्हाळ्यात कोरड्या पडू लागल्या आणि पोहण्याच्या सुटीत पाणीच उरेना.

मुलाने किती धोका पत्करावा, हा प्रश्न पुढे न्यायालयात गेला तो दहीहंडीच्या निमित्ताने. तेथे वजनाने हलके म्हणून लहान मूलच सर्वांत वर चढविले जाते. धोका मुलाचा असला, तरी खेळ मोठ्यांचा असतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १८ वर्षांखालील मुलांना मनाई केली व उंचीची मर्यादा २० फूट ठरविली. २०१७ मध्ये उंचीवर बंधन घालण्यास त्याच न्यायालयाने नकार दिला; मात्र १४ वर्षांखालील मुलांना सहभागी होऊ न देण्याची शासनाची हमी नोंदवून घेतली. २०२२ मध्ये राज्य शासनाने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला.