बर्फाचं पाणी: खानदेशातली कुळकथा

वैशाखात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला भिडतो. अशा दिवसांत खानदेशात आल्यागेल्याच्या हाती आधी पाण्याचा तांब्या देतात, विचारपूस मग. पिढ्यान्‌पिढ्या हे पाणी माठानेच गार केलं. माठातून पाझरलेलं पाणी वाऱ्यावर उडतं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. इथली हवा कोरडी, म्हणून धुळ्याचा माठ कोकणातल्या माठापेक्षा जास्त गारवा देतो. आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरतात ती याच मुलखात. गेलेल्यांचीही तहान इथे आठवणीत असते.

दरबाराची युक्ती वेगळी होती. अकबराने 1601 मध्ये असीरगड घेऊन खानदेश मोगलाईत आणला. त्याच्या पदरी सोरा विरघळवलेल्या पाण्यात सुरई फिरवून पाणी गार करत, असं 'आईन-ए-अकबरी' सांगते.

पुढे बर्फ समुद्रमार्गे आला. 1833 मध्ये बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने गोठलेल्या तळ्यांतला 180 टन बर्फ कलकत्त्याला धाडला. चार महिन्यांच्या प्रवासानंतर सुमारे 100 टन उरला होता. मुंबईतही अमेरिकन बर्फाची वखार उभी राहिली. ती चैन मोजक्यांचीच. सर्वांपर्यंत बर्फ पोचवला तो कारखान्याने: साच्यात पाणी भरायचं, अमोनियाच्या यंत्राने गार केलेल्या खाऱ्या पाण्यात ते साचे सोडायचे, की लादी तयार.

बर्फाचं बळ त्याच्या वितळण्यात आहे. चाळीस अंशांच्या चार लिटर पाण्यात एक किलो बर्फ पूर्ण विरघळला, तर पाणी सोळा अंशांच्या आसपास येतं. म्हणूनच लग्नाच्या मांडवात, रसवंतीत, पाणपोईवर लादी हवीच. ऊन लागलेल्या माणसाला दवाखान्यात नेईपर्यंत सावलीत घ्यावं. मान आणि काखेत गार पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात. भाजल्यावर मात्र बर्फ लावू नये, नळाचं साधं पाणी सोडावं.

लादी ज्या पाण्याची, त्याचेच गुणदोष तिच्यात राहतात. गोठल्याने जंतू मरतातच असं नाही. मासळी वगैरे टिकवण्याचा बर्फ निळा करावा, हा नियम महाराष्ट्रात 2018 पासून याचसाठी लागू झाला. पाणपोई घालणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: लादी घेताना ती पिण्याच्या पाण्याची आहे ना, हे विचारा. शंका असेल तर लादी नको, माठच भरा. तहानलेल्याला निर्धोक पाणी देणं हा आपला जुना धर्म, आणि तो बर्फावाचूनही पुरा होतो.